एक व्हायचे, पण कोणत्या अटींवर?



ज्या घरात कुणी ना कुणी कॉलेजात नोकरीला आहे, अशी घरे आता आपल्या वस्त्यांत थोडीथोडकी राहिलेली नाहीत. निगडीच्या ओटा स्कीमपासून दापोडीपर्यंत आणि तिकडे भोसरी, चाकण, राजगुरुनगरपर्यंत कुठेही जा. बाप टेल्कोत, बजाजमध्ये नाहीतर एच.ए.मध्ये मशीनवर उभा राहून रिटायर झालेला. मुलगी एम.ए., सेट होऊन कॉलेजात शिकवते आहे, जावई तिथल्याच ऑफिसात ज्युनियर क्लार्क आहे, चुलतभाऊ लॅबोरेटरीत अटेंडंट आहे. या घरांतून हल्ली मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. आमच्या कॉलेजात दोन संघटना आहेत, एक सगळ्यांची आणि एक मागासवर्गीयांची. आता दोन्हींचे विलीनीकरण करावे असे बोलणे निघाले आहे. आपण काय भूमिका घ्यावी?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. 'एकी' हा शब्द कानावर पडला की आपल्या माणसाचा हात आपोआप वर जातो, आणि 'विलीन' म्हटले की त्याच माणसाच्या पोटात गोळा येतो. दोन्हींना कारणे आहेत. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी हे पाहू की दोन संघटना मुळात झाल्याच का. मोठी संघटना पगारासाठी, थकबाकीसाठी, पेन्शनसाठी भांडते. ती भांडते हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. २०१३ साली महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी एमफुक्टो या महासंघाच्या झेंड्याखाली परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला. फेब्रुवारीत सुरू झालेला तो बहिष्कार मे महिन्यापर्यंत चालला, शेवटी उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या जुन्या प्राध्यापकांच्या सेवेचा प्रश्न, या त्यातल्या मुख्य मागण्या. सरकारने ७१ दिवसांचा पगार अडवला आणि तो सोडवून घेण्यासाठी पुढे कित्येक वर्षे भांडत राहावे लागले. त्या लढ्यात आपले प्राध्यापकही होते. पगार त्यांचाही अडकला होता, घरचे हप्ते त्यांचेही थकले होते.

पण त्याच माणसाचे दुसरे एक दुखणे असते, आणि ते सगळ्यांच्या मागणीपत्रात क्वचितच वर येते. बिंदुनामावली, अनुशेष, जात पडताळणी, पदोन्नती ही ती दुखणी. बिंदुनामावली हा शब्द घरातल्या बायाबापड्यांना अवघड वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाचा असा निकाल आला की आरक्षणाच्या जागा मोजताना अख्खे विद्यापीठ धरायचे नाही, एकेक विभाग वेगळा धरायचा. ५ मार्च २०१८ रोजी यूजीसीने तसे पत्रक काढले. कागदावर आरक्षण जिथल्या तिथे होते, टक्का कमी झाला नव्हता. पण नामावलीत चौथी जागा ओबीसीची, सातवी अनुसूचित जातीची आणि अनुसूचित जमातीला तर चौदाव्या जागेपर्यंत थांबायचे. आता इतिहासाच्या किंवा पालीच्या विभागात जागाच मुळी तीन असतील, तर सातवी जागा यायची कधी? एका पत्रकाने राखीव जागा अशा विरून गेल्या. देशभर आरडाओरड झाली, ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला, तेव्हा कुठे केंद्राने आधी अध्यादेश आणि मग कायदा करून केंद्रीय संस्थांत विद्यापीठ हाच घटक पुन्हा धरला. ही आकडेमोड ज्याच्या पोटावर पाय आणते त्यालाच ती रात्री जागून करावीशी वाटते. छोटी संघटना जन्माला येते ती या जागरणातून.

पदोन्नतीचे तर याहून अवघड. ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पदोन्नतीतील आरक्षणाचा २००४ सालचा शासन निर्णय रद्द ठरवला. अशा प्रश्नावर सर्वांच्या संघटनेने बोलायचे म्हटले तर तिचे निम्मे सभासद दुखावतात. मग ती बोलत नाही. तिचे मौन हे नेहमीच दुष्टपणाचे असते असे मी म्हणणार नाही, पुष्कळदा ते फक्त भित्रेपणाचे असते. ज्याची बढती अडली त्याला या दोहोंतला फरक काय कळणार?

मग एकीची गरजच काय, असे कुणी म्हणेल. गरज आहे. दोन संघटना असल्या की मॅनेजमेंटला फार बरे असते. एकीशी बोलणी करायची, दुसरीला ताटकळत ठेवायचे; पुढच्या वर्षी उलट. आपल्या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना टेल्कोचा १९८९ चा लढा आठवत असेल. एका बाजूला राजन नायर यांची टेल्को कामगार संघटना, दुसऱ्या बाजूला टेल्को एम्प्लॉईज युनियन. कंपनीने दुसरीशी करार केला. पहिलीचे कामगार सप्टेंबरात पुण्याला शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले, आणि महिनाअखेरीस पोलिसांनी त्यांना तिथून उचलले. त्या लढ्यात कोण बरोबर, कोण चूक, यावर आजही पिंपरीच्या चहाच्या टपरीवर भांडण लावता येईल. पण एकाच गेटातून आत जाणारे कामगार दोन झेंड्यांखाली उभे राहिले, याचा फायदा त्यांच्यापैकी कुणाला झाला?

आता तर कारखान्यांत हा प्रश्न कायद्यानेच धारदार केला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे, एकापेक्षा जास्त युनियन असतील तिथे ज्या युनियनकडे ५१ टक्के कामगार तिच्याशीच मालकाने बोलायचे. कुणाकडेच तेवढे नसतील तर वीस-वीस टक्क्यांना एक प्रतिनिधी अशी परिषद बसवायची. चाकणच्या कंपन्यांत लहान युनियनांनी एकत्र यायचे की नाही, ही चर्चा त्यामुळे चालत राहणार. कॉलेजची गोष्ट थोडी वेगळी. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितले की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतला कामगार नव्हे. म्हणजे एकाच इमारतीत शिकवणारे सर आणि त्यांची वेतनबिले करणारा कारकून यांना कायद्यानेही वेगळ्या रांगेत उभे केले. कॉलेजात तीन-तीन, चार-चार संघटना का असतात, याचे हेही एक कारण.

एकीची गरज मान्य केली तरी विलीनीकरणात लहानाचे काय होते, हे पिंपरी-चिंचवडकरांना वेगळे सांगायला नको. आपले शहरच एकत्रीकरणातून झालेले आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून १९७० साली नगरपालिका झाली. (नावात दोनच गावे आली. आकुर्डी-भोसरीकर हे अजून बोलून दाखवतात.) आणि २००७ साली पुण्याची पी.एम.टी. आणि आपली पी.सी.एम.टी. एक होऊन पी.एम.पी.एम.एल. झाली. वाटणी कागदावर ठरली, पुणे महापालिकेचा हिस्सा ६० टक्के, आपला ४०. मुख्य कचेरी स्वारगेटला, पी.एम.टी.ची होती तिथेच. निगडीचा डेपो राहिला, पण डेपोच राहिला. निगडीहून स्वारगेटपर्यंत बस न बदलता जाण्याची सोय झाली, हे मी नाकारत नाही. तक्रार घेऊन जायचे तर मात्र तेवढेच लांब जावे लागते. लहान संघटना मोठीत मिसळली तर तिची निगडी होणार, की तिला कचेरीत टेबल-खुर्ची मिळणार? माझ्या मते बोलणी याच मुद्द्यावर झाली पाहिजेत. बाकीची भाषणे नंतर.

बाबासाहेबांपुढे हाच पेच होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब. त्यांच्यावर टीका झाली होती की वेगळी परिषद घेऊन तुम्ही कामगारांत फूट पाडता. त्यांनी रेल्वेतली वस्तुस्थिती समोर ठेवली. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातही राबवून घेतात आणि तिथे अस्पृश्य चालत नाही. वर्कशॉपमध्ये त्याला मिस्त्री होता येत नाही. फूट आधीच पडलेली आहे आणि ती आम्ही पाडलेली नाही, असा त्यांचा रोख होता. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी सांगितले ते याच परिषदेत. आणि ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, समता-स्वातंत्र्य-बंधुता नाकारणारी वृत्ती, ती कुठल्याही वर्गात असू शकते, हेही तिथेच स्पष्ट केले.

हे भाषण आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण त्याच वर्षाच्या शेवटी काय झाले ते त्याला जोडून कुणी सांगत नाही. मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. तो स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांच्या युनियनांनी मिळून केला होता. म्हणजे फेब्रुवारीत ज्यांनी वेगळी परिषद घेतली, त्यांनीच नोव्हेंबरात खांद्याला खांदा लावून संप केला. यात विसंगती शोधणारे शोधोत. मला तर त्यात आजच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर दिसते. आपले बळ आधी मोजून, बांधून घ्यायचे आणि मग बरोबरीने चालायचे.

उरलेल्या निम्म्या उत्तरासाठी जरा दूरदेशी जावे लागेल, कारण उच्च शिक्षणातल्या दोन मोठ्या संघटना रीतसर एक झाल्याचे ठळक उदाहरण तिकडे आहे. इंग्लंडमध्ये एक होती एयूटी, जुन्या नामांकित विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची. दुसरी नॅटफे, पॉलिटेक्निक आणि तांत्रिक-व्यवसायशिक्षणाच्या कॉलेजांतल्या शिक्षकांची. आपल्या भाषेत सांगायचे तर एक वरच्या आळीची, एक खालच्या आळीची. १९९२ मध्ये पॉलिटेक्निकांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि दोघींचे सभासद एकाच तऱ्हेच्या संस्थांत काम करू लागले, तरी संघटना दोनच राहिल्या. शेवटी दोन्हीकडच्या सभासदांचे मतदान घेतले, दोन्हीकडे मोठ्या बहुमताने होकार आला, आणि १ जून २००६ रोजी युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियन ही एकच संघटना अस्तित्वात आली. सभासद लाखाच्या वर. विशेष म्हणजे त्याच दिवसांत दोन्ही संघटना मिळून पगारवाढीसाठी पेपर तपासण्यावर बहिष्कार घालून बसल्या होत्या. आधी एकत्र लढल्या, लढता लढता एक झाल्या.

त्यांनी केलेल्या दोन गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या आहेत. पहिले वर्ष संक्रमणाचे ठरवले, त्या काळात दोन्हीकडचे सरचिटणीस जोडीने राहिले आणि मग एकासाठी निवडणूक झाली. दुसरे म्हणजे विद्यापीठांची आणि कॉलेजांची समिती वेगवेगळी ठेवली, आणि केंद्रीय कार्यकारिणीत स्त्रिया, कृष्णवर्णीय, अपंग अशा सभासदांच्या जागा नियमातच लिहून टाकल्या. कारकून, शिपाई, सफाई कामगार यांची तिथली युनियन म्हणजे युनिसन. विद्यापीठांतला शिक्षकेतर वर्गही तिच्यात आहे. तीही १९९३ मध्ये तीन युनियन एक होऊन झाली. एकीत ऑफिसातले बाबू जास्त, दुसरीत कमी पगाराच्या बायका जास्त, तिसरीत दवाखान्यांतले कर्मचारी. बाबूंनी बायांना गिळू नये म्हणून कार्यकारिणीत स्त्रियांच्या आणि त्यातही कमी पगाराच्या स्त्रियांच्या जागा राखीव ठेवल्या. इंग्लंडातल्या युनियनला राखीव जागांची गरज वाटते आणि आपल्याकडे संघटनेत आरक्षणाचा शब्द काढला की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात!

सगळीकडे जमलेच असेही नाही. अमेरिकेत कॉलेजांतील विद्यार्थी-कल्याणाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या दोन संघटना आहेत, एसीपीए आणि नासपा. २०११ मध्ये दोन्हींनी एक होण्यासाठी मतदान घेतले. एकीने ठराव पास केला. दुसरीतही बहुमत बाजूने होते, पण दोन तृतीयांशाची अट पुरी झाली नाही. तिथेच तो विषय संपला. कुणी कुणाला गद्दार म्हटल्याशिवाय दोन्ही संघटना आपापले काम करत राहिल्या, पुढेही काही कामे त्यांनी मिळून केली.

हे वाचताना आपल्याला आपली ऐक्याची कहाणी आठवल्याशिवाय राहणार नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच काळात दुरुस्त-नादुरुस्त सुरू झाले. पुढे किती ऐक्ये झाली आणि किती मोडली. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत एकत्र राहिल्यावर प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे असे चार खासदार निवडून आले, सगळे सर्वसाधारण जागांवरून. घराघरांत पेढे वाटले गेले. १९९९ च्या निवडणुकीला पुन्हा वाटा वेगळ्या. दोष कुणाचा, यावर लिहायला हे सदर पुरणार नाही. पण एक गोष्ट मला सतत खटकते. ऐक्यासाठी जनता रस्त्यावर आली, घसा फोडून ओरडली, पण सामान्य कार्यकर्त्याला ठरावावर मत कधी कुणी विचारले? व्यासपीठावर हात उंचावलेला फोटो छापून आला की ऐक्य झाले. फोटो उतरवला की संपले.

मतदान ही काही परकी रीत नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी आवर्जून सांगितले होते की भिक्खू संघाला सभेचे नियम, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे ठाऊक होते. संघात शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटून मत घेत असत. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्यांच्या संघात काड्या मोजल्या जात होत्या, त्यांच्या वारसांच्या संघटनेत विलीनीकरण टाळ्यांच्या गजरात मंजूर व्हावे?

कायद्याचेही थोडे पाहू. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात विलीनीकरणासाठी अशी अट होती की प्रत्येक युनियनच्या निदान निम्म्या सभासदांनी मतदान केले पाहिजे आणि झालेल्या मतांपैकी ६० टक्के मते बाजूने पडली पाहिजेत. हिशेब करून पाहा, २०० सभासदांची संघटना ६० मतांवर विसर्जित होऊ शकत होती. आता त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. पण आपल्या बहुतेक छोट्या संघटना ट्रेड युनियन म्हणून नव्हे, सोसायटी म्हणून नोंदवलेल्या असतात. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याची अट जास्त कडक आहे. लेखी प्रस्ताव दहा दिवस आधी सभासदांच्या हाती पडला पाहिजे, खास सभेत तीन पंचमांश मते पाहिजेत, आणि एक महिन्याच्या अंतराने पुन्हा सभा घेऊन तितक्याच मतांनी ठराव कायम झाला पाहिजे. हा मधला महिना मला फार शहाणपणाचा वाटतो. घरी जाऊन बायकोशी, वडिलांशी बोलायला वेळ मिळतो. सभेत तोंड न उघडणाऱ्याला चहाच्या टेबलावर बोलता येते.

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे घोषणा संपल्या की मी ताळेबंद मागतो. छोट्या संघटनेच्या खात्यावर किती पैसे आहेत, मुदत ठेव कुणाच्या सहीने मोडते, जयंतीचा वेगळा फंड आहे का, सभासदाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला द्यायची मदत त्यातूनच जाते का. मोठीकडे शिल्लक जास्त असेल, पण देणीही असतील; विलीनीकरणाने घेणेकऱ्याचा हक्क बुडत नाही, म्हणजे त्यांचे देणे आपलेही होणार. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोर्टातले खटले. अनुशेषाची किंवा पदोन्नतीची याचिका छोट्या संघटनेच्या नावाने चालू असेल आणि संघटनाच उरली नाही, तर याचिका पुढे कोण चालवणार? नव्या संघटनेने अर्ज करून त्या जागी आपले नाव लावून घेतले पाहिजे, आणि वकिलाची फी भरत राहिली पाहिजे. 'पुढे पाहू' असे कुणी म्हणाले तर समजावे की पुढे पाहिले जाणार नाही. ठरावातच खटल्यांचे क्रमांक लिहून घ्यावेत.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मी विलीनीकरणाच्या विरोधात नाही. लेटरहेडपुरत्या उरलेल्या संघटना मी पाहिल्या आहेत. अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि चौथा सभासद कुणी नाही. खुर्ची सुटू नये म्हणून 'स्वाभिमान' हा शब्द वापरणाऱ्यांबद्दल मला आदर नाही. पण मोठ्या संघटनेने बिंदुनामावलीची तपासणी हे आपले स्वतःचे काम म्हणून घटनेत लिहिले पाहिजे, सभेच्या इतिवृत्तात नव्हे. कार्यकारिणीत जागा ठरल्या पाहिजेत. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात अधिसभेवर दहा शिक्षक निवडून जातात, त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि महिला यांना एकेक जागा आहे. सरकारने अधिसभेला लावलेला नियम संघटनेने स्वतःला लावून घ्यायला अडचण कसली?

महिलांबद्दल एक वेगळे म्हणणे आहे, आणि ते मला आपल्या भगिनींनीच सांगितले. मीटिंग संध्याकाळी सहाला पुण्यात ठेवायची आणि मग बायका येत नाहीत म्हणायचे. चाकणच्या कॉलेजातून सुटून, तळवडे नाहीतर मोशीच्या ट्रॅफिकमधून घर गाठून, पोरांचे करून ती कधी येणार? "दादा, जागा राखीव ठेवून काय करू, वेळ राखीव ठेवा," असे एक प्राध्यापिका ताई मला म्हणाल्या. नव्या घटनेत मीटिंग आळीपाळीने पुणे आणि पिंपरी-चाकण भागात, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी, एवढे एक कलम घातले तरी फरक पडेल.

आणि तासिका तत्त्वावरची पोरे? ही गोष्ट माझ्या मनाला सगळ्यांत जास्त लागते. आपल्या घरांतली जी नवी पिढी कॉलेजात शिकवते आहे, तिच्यातली कितीतरी मुले-मुली तासावर पैसे मिळवतात. सुट्टी लागली की कमाई बंद. एकाच दिवशी आकुर्डीला दोन तास आणि राजगुरुनगरला दोन तास घेणारी मुले आहेत, मधला वेळ मोटरसायकलवर. पुष्कळ संघटनांच्या घटनेत सभासद म्हणजे कायम, मान्यताप्राप्त सेवक. मग सर्वांची संघटना असो की मागासवर्गीयांची, ही पोरे दोन्हींच्या दाराबाहेर उभी. एकीची बोलणी करायला बसलेले दोन्ही अध्यक्ष कायम नोकरीतले, दोघांची पेन्शन ठरलेली. त्यांच्यात समझोता झाला तरी मुलांना काय मिळाले? कमी वर्गणी ठेवा, पाहिजे तर नाममात्र ठेवा, पण मतदानाच्या हक्कासह त्यांना आत घ्या. ही अट मान्य असेल तर बाकीच्या अटींत थोडे मागेपुढे झाले तरी चालेल, असे माझे मत आहे. ही अट मान्य नसेल तर दोन म्हाताऱ्या संघटनांची एक म्हातारी संघटना होईल, एवढेच.

ज्यांना एकदम विलीन होण्याची भीती वाटते त्यांच्यासाठी मधली वाट आहे, आणि ती आपल्याकडे चांगली मळलेली आहे. विद्यापीठे आणि कॉलेजांतल्या शिक्षकेतर सेवकांच्या संघटनांनी आपापले अस्तित्व ठेवून संयुक्त कृती समिती केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आश्वासित प्रगती योजना व सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी परीक्षांच्या कामावर बहिष्कार घालून संप केला. पुढच्याच महिन्यात, १४ ते २० मार्च, जुन्या पेन्शनसाठी राज्यभर झालेल्या संपात तर किती तरी संघटनांचे लोक एका मांडवात बसले होते. तेव्हा कॉलेजातल्या दोन्ही संघटनांनी आधी एखादे वर्ष अशी समिती करावी, एकच मागणीपत्र द्यावे, आणि त्या मागणीपत्रात अनुशेषाची मागणी कितव्या क्रमांकावर येते ते पाहावे. पहिल्या पाचांत आली तर पुढची बोलणी करायला हरकत नाही. 'इतर मागण्या' या शीर्षकाखाली शेवटच्या पानावर गेली, तर वर्षभर आणखी थांबावे.

ज्यांच्याकडे विलीनीकरणाची नोटीस आलेली असेल त्यांनी तूर्त एवढे करावे. प्रस्तावित घटनेची मराठी प्रत लेखी अर्ज करून मागावी, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. मतदार यादीत आपले नाव आहे का ते पाहावे, कारण वर्गणी थकली असेल तर नाव गळालेले असते आणि ते ऐन सभेच्या दिवशी कळते. चालू वर्षाची पावती शोधून ठेवावी. सापडत नसेल तर खजिनदाराकडून दुय्यम प्रत मिळते, ती सभेच्या आधीच्या आठवड्यात घ्यावी. आदल्या दिवशी खजिनदार भेटत नाही.